भरलेला हंडा आणि तीनशेची लेन्स

ब्लॉग वाचणाऱ्या एका मुलीने परवा विचारलं, "काका, ट्रेकला जाताना हातात धरून पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. ट्रायपॉडचं ओझं नको. कोणती टेलिफोटो घेऊ?"

दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो आणि थेट नव्वदच्या दशकातल्या एका चैत्रात जाऊन पोचलो. तेव्हा हाच प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर शोधायला मी पनवेलहून प्रबळमाचीला गेलो होतो, दोन लेन्स आणि एक बायको घेऊन. बायको हा ब्लॉग वाचते, म्हणून क्रम बदलतो. एक बायको आणि दोन लेन्स घेऊन.

मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. शुभा, म्हणजे माझी बायको, गावातल्याच एका प्रसूतिगृहात नर्स होती. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नाझीमभाईंचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम यांवर त्यांचं घर चालायचं, पण जीव सगळा लेन्समध्ये. त्यांचा मेव्हणा आखातातून परतताना दोन जुन्या टेलिफोटो घेऊन आला होता. नाझीमभाईंनी दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या.

"मास्तर, एक तुमची, दुसरी पुण्याच्या गिऱ्हाइकाची. पण इथे काउंटरवर बघून काय समजणार? लेन्स निवडणं म्हणजे रिश्ता ठरवण्यासारखं आहे. दोघींना दोन दिवस जंगलात फिरवून आणा. इत्मिनानाने, निवांत. सोमवारी संध्याकाळी एक परत."

पहिली होती तीनशे मिलिमीटरची, एफ-चार. लांबलचक नळकांडं, वजन सव्वा किलोच्या पुढे. दुसरी पाचशेची, आरशाची. तिच्यात प्रकाश आत शिरतो, मागच्या आरशावर आपटून पुढे येतो, पुढच्या इवल्याशा आरशावरून पुन्हा मागे फिरतो आणि मग कुठे फिल्मवर पोचतो. वाटेची अशी घडी घातलेली, म्हणून लेन्स तांब्याएवढी आखूड आणि वजनाला जेमतेम पाऊण किलो. उणीव एकच, की ती कायमची एफ-आठ. म्हणजे तीनशेच्या तुलनेत तिच्यातून पावपटच उजेड यायचा.

हातात धरून फोटो काढायचा एक जुना नियम आहे. पाचशेची लेन्स असेल तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी जलद हवं, तीनशेची असेल तर तीनशेव्या. त्याहून सावकाश चाललं की हाताची हालचाल फोटोत उतरते.

माझी खरी अडचण या नियमातल्या 'हात' या शब्दापाशी होती. गेल्या काही महिन्यांपासून माझा उजवा हात थरथरायला लागला होता. फळ्यावर मी एका दमात गोल काढायचो, मुलं टाळ्या वाजवायची. आता त्या गोलाला कंगोरे येत होते. माझ्या वडिलांचाही हात असाच होता. त्यांच्या हातातली कपबशी किणकिणत यायची आणि आम्ही भावंडं हसायचो. ते हसू आता मला आठवत होतं. डॉक्टरकडे गेलो नव्हतो, शुभाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चहा सांडू नये म्हणून तेवढा "अर्धाच कप दे" म्हणायला लागलो होतो. हात पुरता जायच्या आत एक तरी खरा फोटो काढायचा होता, आणि त्यासाठी हलकी लेन्स बरी, असं मी मनाशी जवळजवळ ठरवलेलं होतं.

शनिवारी सकाळी पनवेल स्टँडवरून ठाकूरवाडीची एसटी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगतो, वेळापत्रकावर विसंबू नका, चौकशीच्या खिडकीत विचारा. तेव्हाही तसंच होतं. स्टँडबाहेर गरम बटाटेवडे मिळायचे, ते कागदात बांधून घेतले. गाडी जुन्या पुणे रस्त्याने शेडुंग फाट्यापर्यंत सुसाट गेली आणि आत वळल्यावर बैलगाडीच्या चालीने चालू लागली. खिडकीतून पळस दिसत होते, फुलं संपत आलेली, एखाद्याच फांदीला चार विसरलेली.

ठाकूरवाडीपासून माचीपर्यंत चढ दोन तासांचा, आमच्यासारख्यांना अडीच. पायवाट सोपी आहे, पण उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी हवंच. वर विकत मिळेल ही आजची गोष्ट. तेव्हा वर फक्त ठाकरांची वाडी होती, आणि चैत्रात त्यांनाच पाण्याची मारामार.

राहायची सोय शुभामुळे झाली होती. माचीवरची हिरीबाई सुनेच्या बाळंतपणाला पनवेलला आली होती, तेव्हा शुभाची रात्रपाळी होती. जाताना तिने आमंत्रण दिलं होतं, आणि वर धनेश पक्ष्याचं आमिषही. "आमच्या मागल्या बेहड्यात धनेस बसलीया दरसाली. मास्तरांना फोटू काढाया घेऊन ये, बाय."

अर्ध्या चढावर एका कातळाशी थांबलो. समोर दरीवर एक सर्पगरुड गोल गोल तरंगत होता. मी आरशाची लेन्स लावली. भर ऊन, हजाराव्या भागाचं शटर, खटाक. काय सुख! पाचशेतून पाहताना आजूबाजूचं जग गळून पडतं. घाम, पाय, वडे सगळं नाहीसं होतं, उरतो एक पक्षी आणि त्याच्या मागचं निळं काहीतरी. किती वेळ गेला कोण जाणे.

शुभाने बघायला मागितली. तिने ती खालच्या झाडीकडे वळवली आणि ओरडलीच, "अहो, झाडभर बांगड्या लागल्यात!"

आरशाच्या लेन्सची ही गंमत आहे. पानांवरचा जो उजेड नेमका फोकसमध्ये नसतो, त्याची हिच्यात कडी होते. पोकळ, चकचकीत, शेकडो. आम्ही आळीपाळीने बांगड्यांची झाडं बघत बसलो. वारा आला की बांगड्या एकमेकींत शिरायच्या. मला वाटलं, ठरलं. हलकी आहे, आखूड आहे, सुंदर आहे. रिश्ता पक्का. सव्वा किलोचं नळकांडं मात्र शुभाच्या पिशवीत होतं. "माझी पाठ रुग्ण उचलून तयार झालीय," म्हणत तिने ते खालीच स्वतःकडे घेतलं होतं, आणि मीही फार आढेवेढे घेतले नव्हते.

माचीवर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. हिरीबाईचं घर कुडाचं, सारवलेलं, दारात सावली. नवरा वीटभट्टीवर गेलेला, सून तान्ह्याला घेऊन माहेरी. हिरीबाई चाळिशीची असेल, चालायला वाऱ्यासारखी. तिने चहा केला, गुळाचा, काळा. मी म्हटलं, "मला अर्धाच." ती म्हणाली, "हॅट्! यवढं चढून आलाव ना अर्धा?" आणि स्टीलचा पेला काठोकाठ भरून माझ्या हातात दिला.

पेला हातात आला आणि चहा डुचमळून माझ्या पँटवर. हिरीबाईने बघितलं. ठाकरांच्या माणसांना बघितलेलं न बघितल्यासारखं करता येत नाही. शुभाकडे वळून ती म्हणाली, "बाय, यांचा हात कापतो गं."

मराठीसारखी लबाड भाषा नाही. हात कापतो म्हणजे थरथरतो, आणि हात कापला म्हणजे रक्त. शुभाने चटकन मान वर केली. "कापला? कुठे?"

मला पळवाट मिळाली. "अगं, मघाशी करवंदीच्या जाळीत. काटा लागला," मी म्हटलं, आणि अंगठ्याच्या मुळाशी कुठेतरी दाखवलं.

हिरीबाई काही बोलणार होती, पण शुभा उठलीच. पिशवीतून कापूस काढला, टिंक्चर काढलं, माझा हात तिच्या मांडीवर घेतला. मी दाखवलेल्या जागी बोळा टेकवून तिने विचारलं, "झोंबतंय?"

"थोडंसं," मी म्हणालो.

तिने गॉजची घडी ठेवली, वरून पट्टी गुंडाळली, अगदी इस्पितळातल्यासारखी, आणि गाठ मारली. पट्टीच्या दाबाने हात जरा शांत झाला. आपण काय शिताफीने निभावलं, म्हणून मी खूश होतो. नर्सला काट्याच्या जखमेचं ठिकाण दाखवून फसवणारा माणूस किती हुशार असेल, ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी दोघी पाण्याला गेल्या, मागोमाग मी. कातळातल्या टाक्यात तळाला पाणी होतं. हिरीबाईने हंडा भरला आणि पाण्यावर बेहड्याचं एक पान टाकलं. पान असलं की पाणी उसळत नाही. शुभाने हौसेने अर्धा हंडा डोक्यावर घेतला आणि चार पावलांत चिंब भिजली.

हिरीबाई हसून हसून बेजार. "अर्धा नको घेऊ बाय. अर्धा हंडा डुलतो. भरलेला गप बसतो."

पश्चिमेला पनवेलपलीकडे खाडी आणि मिठागरं चमकत होती, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. मी कातळावर बसून ते सगळं अंधुक होईपर्यंत बघत राहिलो. भरलेला गप बसतो, हे वाक्य डोक्यात फिरत होतं, पण त्याचा लेन्सशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. रात्री तांदळाची भाकरी, सुकट आणि कच्च्या करवंदांची चटणी. शुभा गप्प गप्प होती. दमली असेल, असं मी धरून चाललो.

रविवारी उजाडताच हिरीबाई आम्हाला घरामागच्या रानात घेऊन गेली. प्रबळगडाची भिंत माचीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे ऊन उशिरा येतं. सगळं रान निळसर सावलीत होतं. ती थांबली आणि उजव्या हाताची तर्जनी मधोमध मुडपून, पेराच्या टोकाने तिने एक झाड दाखवलं.

"सरळ बोट नाय दावायचं," ती कुजबुजली. "आत मादी हाय, पिल्लं हायती. कवळ्या काकडीला बोट दावलं का कुजते ना, तसं. तुमच्यात नाय सांगत?"

सांगत होते की. आमच्या परसातल्या दुधीला बोट दाखवलं म्हणून मी लहानपणी बोलणी खाल्ली होती.

बेहड्याच्या खोडात एक ढोली होती, आणि तिचं तोंड चिखलाने लिंपून बंद केलेलं. मध्ये फक्त उभी फट. धनेशाची मादी अंडी घालताना स्वतःला असं आत कोंडून घेते. पिसं गाळते, उडू शकत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत नर फटीतून भरवतो तेवढंच तिचं अन्न. नर बुजला आणि यायचा थांबला, तर आत सगळी उपाशी. म्हणून हिरीबाईने आम्हाला लांब, करवंदीच्या जाळीआड बसवलं. तीनशेचं नळकांडं बघून तर ती दचकलीच. "यवढं लांब बोट!" मग तिने करवंदीची एक डहाळी तोडली आणि लेन्सच्या तोंडाशी दोऱ्याने बांधली. "आता बोट नाय. आता फांदी हाय." सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात, ते असंही. हात झटकून ती कामाला निघून गेली.

मी आधी लाडकी आरशाची लावली. मीटर पाहिला. कमी उजेडात चालणारा चारशेचा रोल असूनही त्या सावलीत शटर मिळत होतं सेकंदाचा सव्वाशेवा भाग. हवा होता पाचशेवा. एवढ्यात पंखांचा घरघर आवाज आला आणि राखाडी नर ढोलीशी येऊन बसला. मी डोळा लावला. पक्षी, ढोली, खोड सगळं माझ्या डोळ्यापुढे नाचत होतं. दम धरला, कोपर छातीशी आवळलं, तरी नाचत होतं. हलकी लेन्स हात हलेल तशी हलते, हे मला तेव्हा कळलं. मी मनातल्या मनात लेन्सला शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं. तीन वेळा बटण दाबलं आणि तिन्ही वाया गेले हे दाबतानाच समजलं. नर उडून गेला.

मग तीनशेची चढवली. एफ-चारवर त्याच सावलीत पाचशेवा भाग मिळाला, गरजेपेक्षा जास्तच. आणि नवल म्हणजे वजनाने हात सावरला. मघाची भिरभिर गेली, मंद डुलणं उरलं. भरलेला हंडा! पण पाच मिनिटांत दंड भरून आले आणि थरथर दुप्पट होऊन परतली. मी कॅमेरा खाली ठेवला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. अडतिसाव्या वर्षी माझे हात संपले, एवढंच कळत होतं.

शुभा उठली, माझ्या पुढ्यात येऊन मांडी घालून बसली, पाठ माझ्याकडे करून.

"ठेवा," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"लेन्स. खांद्यावर ठेवा माझ्या. जखमेवर भार नको."

तीनशेचं ते लांब नळकांडं तिच्या खांद्यावर बरोब्बर बसलं. आखूड आरशाची तिथे टेकलीच नसती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, मानेवर काल उन्हाने आलेला लाल पट्टा. आम्ही वाट बघत राहिलो. तिचा श्वास लेन्समधून मला दिसत होता. ती श्वास घेई तेव्हा ढोली किंचित खाली सरके, सोडला की वर येई. थोड्या वेळाने मीही त्याच लयीत श्वास घेऊ लागलो. रानात कुठेतरी तांबट पक्षी टुकटुक करत होता. अर्धा तास गेला की दोन, सांगता येणार नाही.

नर आला. मान उंचावून त्याने गळ्यातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत धरलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं. शुभाने श्वास रोखला. रान, पक्षी, लेन्स, माझा हात, सगळं थांबलं. मी बटण दाबलं.

एकदाच दाबलं. दुसऱ्यांदा दाबावंसं वाटलं नाही.

दुपारच्या आत उतरलो. निघताना हिरीबाईने माझ्या हाताची पट्टी बघितली, शुभाकडे बघितलं, आणि फक्त "सांबाळून जावा" म्हणाली. एसटी उशिरा आली. शुभा खिडकीशी डोकं टेकून झोपली, दोन्ही लेन्स मांडीवर घेऊन.

सोमवारी संध्याकाळी आम्ही स्टुडिओत गेलो. मी आरशाची लेन्स काउंटरवर ठेवली. नाझीमभाईंचं लक्ष आधी पट्टीकडे गेलं. "या अल्ला! मास्तर, हात कापला की काय?"

मी तोंड उघडलं, करवंदीचा काटा जिभेवर तयारच होता.

"कापला नाही, नाझीमभाई," शुभा म्हणाली. "कापतो."

दुकानात पंखा फिरत होता. नाझीमभाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आरशाची लेन्स उचलून फडक्याने पुसत ते सावकाश म्हणाले, "मग तीनशेच ठीक आहे. जड चीज हाताला धरून ठेवते."

वडाळे तलावाच्या काठाने आम्ही घरी निघालो.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"तुम्ही अर्धा कप मागायला लागलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून. नंतर राग यायला लागला. परवा टिंक्चर लावताना म्हटलं, आता तरी सांगतील. तर तुम्ही म्हणता, थोडंसं झोंबतंय!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "मी कोण वाटले हो तुम्हाला? परकी?"

मला लाज वाटली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. वडिलांकडून आलेलंच आहे, जिवाला धोका नाही, जाणारही नाही, असं ते म्हणाले. तसंच झालं. फळ्यावरचे गोल मी पुन्हा काढले नाहीत, निवृत्त होईपर्यंत मुलांकडूनच काढून घेतले. तो फोटो मात्र आमच्या बैठकीत आहे. कुठल्याही स्पर्धेत तो बाद होईल, कारण खालच्या कोपऱ्यात शुभाच्या उडालेल्या केसांची एक धूसर रेघ आली आहे. माचीवर आता राहायच्या सोयी झाल्या आहेत, शनिवार-रविवारी जत्रा असते. जायचं तर मधल्या वारी जा, आणि ढोलीजवळ जाऊ नका.

तर मुली, तुझं उत्तर. आता लेन्समध्येच थरथर थोपवायची सोय येते, ती असलेली घे. झाडीतले पक्षी हवे असतील तर जास्त मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड बघ. फार हलकीच्या मोहात पडू नकोस. आणि ती बरोबरच्या माणसाच्या खांद्यावर नीट बसते का, ते दुकानातच बघून घे.

त्या सोमवारी घरी आल्यावर शुभाने पट्टी सोडली. आत जखम नव्हती, टिंक्चरचा पिवळा डाग तेवढा होता. तिने तो ओल्या फडक्याने पुसला आणि चहा टाकला. माझा कप भरताना मी सवयीने म्हटलं, "अर्धाच."

ती ओतत राहिली. "सांडला तर पुसू," म्हणाली.

तेव्हापासून आमच्याकडे मला पूर्ण कप मिळतो. थोडा बशीत सांडतो.